गमतीचा टेक आणि माझे खेडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

नटांनी चेष्टेत दिलेले टेक, म्हणजे कॅमेऱ्यासमोर एका दमात केलेली चित्रणे, पुऱ्या झालेल्या चित्रपटात कसे राहून जातात, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. पडद्यावर काय राहील ते दिग्दर्शक आणि संकलक ठरवतात, म्हणून नटाच्या खोडीला श्रेय देणे भाबडेपणाचे आहे, लेख पाल्हाळिक आहे, आणि "खेड्यात बसून शूटिंगच्या गोष्टी सांगू नयेत." हे शेवटचे वाक्य नसते, तर मी उत्तर देण्याच्या भानगडीत पडलो नसतो.

संकलकाचा उल्लेख मी त्रोटक केला, हे मान्य. 'द युजुअल सस्पेक्ट्स' (१९९५) मधील ओळखपरेडचा प्रसंग गंभीर व्हायचा होता; नटांचे हसू आवरेना, तेव्हा दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांनी हसण्याचेच टेक ठेवले आणि संकलक जॉन ऑटमन यांनी ते जुळवले. पण नट हसलेच नसते, तर या दोघांनी निवडले काय असते?

आता खेड्याविषयी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंज भागातला आहे. दिवाळीनंतर इथे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाच्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो; मंडई म्हणजे गावची जत्रा असो वा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक असतेच आणि ते उजाडेपर्यंत चालते. तरुणपणी मी विंगेत संहिता घेऊन, नटांना विसरलेली वाक्ये सांगणारा प्रॉम्प्टर म्हणून बसत असे. तालमीत चेष्टेने टाकलेले वाक्य विनोदी नट ऐन प्रयोगात म्हणून टाकी, समोरचा खरोखरच गडबडे, मांडव हसून लोटपोट होई, आणि पुढच्या गावी दिग्दर्शक तेच वाक्य पुन्हा घ्यायला लावी. अशी वाक्ये संहितेच्या समासात पेन्सिलीने चढवण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे ती कोणाची असत हे मला कोणी पुण्या-मुंबईहून शिकवू नये. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेही खेड्यातलेच, असे म्हणून त्यांनाही आपण गप्प बसवणार काय?

'प्रिटी वुमन' (१९९०) मध्ये रिचर्ड गिअर यांनी हाराची पेटी ज्युलिया रॉबर्ट्स यांच्या बोटांवर अचानक मिटली. हे संहितेत नव्हते आणि रॉबर्ट्स यांचे हसणेही खरे होते. दिग्दर्शक गॅरी मार्शल यांनी तो तुकडा ठेवला, म्हणून ते हसू मार्शल यांचे होत नाही. आपल्या पहिल्या आक्षेपाला माझ्याकडे याहून अधिक उत्तर नाही, आणि त्याची गरजही मला वाटत नाही.

राहिला पाल्हाळ. आपली प्रतिक्रिया माझ्या लेखाहून लांब आहे, तेव्हा त्याविषयी मी काय बोलावे? पुन्हा लिहिणार असाल, तर टेकविषयी लिहावे, माझ्या पत्त्याविषयी नको.