‘ती तर नुसती शोभेची चित्रं!’ : व्हिक्टोरियन प्राणिचित्रांवरच्या चार आरोपांना उत्तर

पक्षी-फुलपाखरांच्या गटांमधून एक मजकूर फिरतो आहे. वर हिमालयातल्या एका शिंजिराचं जुनं रंगीत चित्र आहे: लाल पाठ, पिवळं पोट, लांब निळी शेपटी. खाली चार विधानं आहेत. व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली प्राण्यांची चित्रं ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली सजावट होती, विज्ञानाशी त्यांचा संबंध नव्हता. ती पेंढा भरलेल्या प्राण्यांवरून, लंडनमध्ये खुर्चीत बसून साहेबांनी काढली. त्यांनी अभ्यासकांची दिशाभूल केली. आणि प्राण्यांचा खरा अभ्यास कॅमेरा आल्यावरच सुरू झाला.

मी किड्यांची रेखाटनं करते. भुंग्याच्या पायाला किती पेरं आहेत हे मला कळलं ते पाय काढायला बसले तेव्हा, त्याआधी शेकडो भुंगे पाहूनही कळलं नव्हतं. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प राहवेना. त्यात काही खरंही आहे, ते मान्य करूनच लिहिते.

सजावटीचा आरोप आधी घेऊ. जॉन गूल्डची पक्ष्यांची पुस्तकं महाग होती, ती वर्गणीदारांसाठी निघत आणि बडे लोकच ती घेत, हे खरं. आयुष्यभरात त्याने जवळपास ३००० चित्रपानं छापली. पण हाच गूल्ड लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत पक्षी हाताळायचा. जानेवारी १८३७ मध्ये डार्विनने दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांवरून आणलेले पक्षी त्याच्यासमोर आले. डार्विनला त्यांत वेगवेगळ्या घराण्यांचे पक्षी दिसले होते. गूल्डने काही दिवसांतच सांगितलं, की यांतले बरेचसे एकाच नात्यातले फिंच, म्हणजे चिमणीसारखे छोटे पक्षी, आहेत. पुढे ‘बीगल’ या डार्विनच्या जहाजाच्या सफरीवरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथात त्यांची चित्रं आली, आणि ती शिळाछापाच्या दगडावर उतरवली जॉनच्या बायकोने, एलिझाबेथ गूल्डने.

आता १८४५ साल पाहा. डार्विनने आपल्या प्रवासवर्णनाची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात एक छोटं चित्र आहे: फिंचची चार डोकी, जाड चोचीपासून बारीक चोचीपर्यंत. त्याच्या आसपासच डार्विन लिहून जातो, की या बेटांवर मुळात थोडेच पक्षी असावेत आणि त्यांतल्याच एका जातीला वेगवेगळ्या कामांसाठी बदलत नेलं असावं, असं वाटून जातं. उत्क्रांतीवरचं त्याचं मोठं पुस्तक यायला अजून चौदा वर्षं होती. चार चोची एका पानावर आल्या की वाचकाच्या डोळ्यांना त्यांतला क्रम आपोआप दिसतो. हे काम नुसत्या वर्णनाने झालं नसतं.

याहून सरस उदाहरण हेन्री वॉल्टर बेट्सचं आहे. ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून तो १८५९ मध्ये परतला. १८६२ मध्ये त्याचा फुलपाखरांच्या नकलेवरचा निबंध छापून आला. पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपाखरासारखं रूप घेऊन दुसरं, खाण्याजोगं फुलपाखरू वाचतं, ही त्यातली मांडणी. आपल्याकडे बिबळ्या कडव्यासारखी दिसणारी चांदव्याची मादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. पण १८६२ मध्ये हे पटवायचं कसं? बेट्सने निबंधाला रंगीत पानं जोडली आणि त्यांवर नकला करणारी व जिची नक्कल होते ती फुलपाखरं शेजारी शेजारी दाखवली. एकाच्या घराण्यात सहा चालते पाय, दुसऱ्याच्या घराण्यात चार. म्हणजे नातं लांबचं, आणि पंखांवरची नक्षी मात्र तीच. त्या निबंधात चित्र हाच पुरावा होता. सजावट म्हणून ते काढून टाकलं, तर वाचकाला लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही उरत नाही.

आणखी एक. १८९६ मध्ये ॲबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने एक साधी गोष्ट मांडली. प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, कारण वरून पडणारा उजेड आणि खालची सावली यांमुळे अंगाला येणारा गोलवा त्याने पुसला जातो. आपल्या चिंकाऱ्याचं पांढरं पोट आठवा. गोल वस्तू कागदावर गोल दिसावी म्हणून चित्रकार जी छाया भरतो, तिच्या नेमकं उलट काम इथे चालतं, आणि हे नियम म्हणून मांडलं ते एका चित्रकाराने. पुढे थेयर वाहवत गेला. रोहित पक्षी गुलाबी असतात ते संध्याकाळच्या आभाळात लपण्यासाठी, असं तो म्हणू लागला, ते टिकलं नाही. पण पहिला विचार टिकला.

दुसऱ्या आरोपात अर्धं सत्य आहे. गूल्ड दांपत्याने हिमालयातले शंभर पक्षी रंगवले ते लंडनला आलेल्या कातड्यांवरून, हिमालय त्यांनी पाहिला नव्हता. हमिंगबर्डवरचा मोठा ग्रंथ गूल्डने १८४९ मध्ये सुरू केला आणि जिवंत हमिंगबर्ड त्याला दिसला तो १८५७ मध्ये, अमेरिकेत. हे कबूल. पण यावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं, तर एडवर्ड लिअरचं काय करायचं? १८३० मध्ये, अठराव्या वर्षी, तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पोपट रंगवायला लागला. रखवालदार पोपट धरून ठेवायचा आणि लिअर पंख, पाय मापायचा. व्हिक्टोरिया गादीवर यायला अजून सात वर्षं होती, पण पुढच्या व्हिक्टोरियन चित्रकारांपुढे हाच नमुना राहिला. त्याने एक निळा मकाव (लांब शेपटीचा मोठा पोपट) रंगवला आणि तेव्हाच्या समजुतीप्रमाणे खाली हायसिंथ मकाव असं लिहिलं. १८५६ मध्ये बोनापार्ट नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने लिअरचं नाव देऊन एका निराळ्या निळ्या मकावाची जात सांगितली. त्या पक्ष्याचं रानातलं घर ब्राझीलमध्ये सापडायला १९७८ साल उजाडलं. (हाच लिअर १८७३ मध्ये, म्हातारपणी, मुंबई बंदरात उतरला आणि वर्षाहून जास्त काळ हिंदुस्थानात चित्रं काढत हिंडला.)

डार्विननेही जिवंत प्राणी पाहणारे चित्रकारच निवडले. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवरचं त्याचं पुस्तक १८७२ चं. त्यात जोसेफ वुल्फने एकाच काळ्या माकडाचे दोन चेहरे काढले आहेत: एक शांत असतानाचा, दुसरा कुरवाळल्यावर खूश झालेला. दोन्ही समोर बसून काढलेले. टी. डब्ल्यू. वुडने रुसलेला चिंपांझी काढला, तोही जिवंत पाहून.

आणि ‘साहेबांनी काढली’ या शब्दांवर तर माझा खरा राग आहे. हिंदुस्थानातल्या प्राण्यांच्या त्या काळच्या चित्रांत मोठा वाटा इथल्या चित्रकारांचा होता. जनरल हार्डविकने हजारो चित्रं इथल्या चित्रकारांकडून काढून घेतली आणि ती ब्रिटिश म्युझियमला गेली. त्यांतून लंडनमध्ये जो ग्रंथ निघाला त्यावर हार्डविकचं आणि ब्रिटिश म्युझियममधल्या प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रेचं नाव आहे, चित्रकारांची बहुतेक नावं हरवली. ग्रेने काही जातींना नावं दिली ती प्राणी हातात न घेता, फक्त या चित्रांवरून. नामकरणाच्या नियमांत अशा वेळी चित्रातला प्राणी हाच मूळ नमुना (ज्यावर जातीचं नाव बेततात तो प्राणी) मानतात, म्हणजे कोणा अनाम चित्रकाराच्या हातावर आजही एका जातीचं नाव उभं असतं. नेपाळमध्ये ब्रायन हॉजसनसाठी राजमान सिंग हा चित्रकार काम करायचा, त्याचं नाव तरी राहिलं. १८७२ मध्ये जोसेफ फेअररने हिंदुस्थानातल्या विषारी सापांचा ग्रंथ काढला. त्यातले साप कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी काढले होते. कोणता साप चावला हे डॉक्टरला ओळखता यावं, हा त्या चित्रांचा उपयोग. दिवाणखान्यात कोण लावणार ती?

आपल्या दख्खनचंही इथे नातं आहे. मुंबई फौजेतल्या कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतल्या माशांवर निबंध लिहिला, तो १८४१ मध्ये चित्रांसह छापला गेला. पुण्याजवळ मुळा-मुठेत आणि आसपासच्या नद्यांत मिळालेल्या माशांना त्याने लोकांच्या तोंडची नावं लॅटिनात दिली. टॉर खुद्री, मिस्टस सींगटी, गारा मुल्या. शेवटची दोन आपल्या उच्चारात म्हणून बघा: शिंगटी, मळ्या. साइक्सच्या बऱ्याच माशांचे मूळ नमुने आज कुठल्याही संग्रहात सापडत नाहीत. तेव्हा त्याने कोणता मासा पाहिला हे ठरवायचं, तर त्याच्या वर्णनाकडे आणि जिथे चित्र आहे तिथे चित्राकडेच जावं लागतं.

दिशाभुलीचं उदाहरण म्हणून त्या मजकुरात इग्वानोडॉन हा डायनोसॉर दिला आहे. चित्रकार-शिल्पकार वॉटरहाऊस हॉकिन्सने शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनच्या मार्गदर्शनाखाली घडवलेल्या डायनोसॉरच्या मूर्ती १८५४ मध्ये लंडनजवळ सिडनहॅमला लोकांसाठी खुल्या झाल्या. त्यात इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. ते शिंग नव्हतंच, अंगठ्याचं टोक होतं. चूक आहेच. पण ते हाड नाकावर ठेवणारा पहिला माणूस चित्रकार नव्हता, तो इग्वानोडॉनला नाव देणारा गिडियन मँटेल होता. हातात मोजकी हाडं असताना केलेला तो तर्क होता. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत अखंड सांगाडे मिळाले आणि चूक उघड झाली. तर्क मूर्तीत आला म्हणूनच तो नेमका कुठे चुकला हे बोट ठेवून दाखवता आलं. त्या मूर्ती आजही तिथे उभ्या आहेत, शिंगासकट. शिवाय त्या काळचे अभ्यासक चित्रांपुढे मान तुकवत नव्हते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने हिंदुस्थानात ज्यांची शिकार होत असे अशा पक्ष्यांवरच्या स्वतःच्याच ग्रंथात, त्यातल्या रंगीत पानांच्या चुका वाचकाला मजकुरात सांगितल्या आहेत.

राहिला कॅमेरा. मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात दौडत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले आणि चारही पाय पसरून हवेत तरंगणारे चित्रातले घोडे खोटे ठरले. बरोबर. पण त्याच्या पाच वर्षं आधी फ्रान्समध्ये एतियन-ज्यूल मारे याने हे फोटोशिवाय शोधलं होतं. घोड्याच्या नालाशी रबरी फुगा, त्यातून नळी, स्वाराच्या हातात नोंद करणारं यंत्र. टाप पडली की कागदावर खूण. त्या खुणांवरून घोड्याची चाल चित्रात मांडली गेली, आणि दौडीत एका क्षणी चारही पाय जमिनीपासून सुटतात हे त्या नोंदींतून आधीच कळलं होतं. कॅमेऱ्याने ते सगळ्यांना दाखवलं, हे त्याचं श्रेय.

डार्विनच्या त्या १८७२ च्या पुस्तकात फोटोही आहेत, त्यांतले बरेच ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकाराने काढलेले. तेव्हा प्लेटवर प्रतिमा उमटायला वेळ लागायचा, गुरगुरणारा कुत्रा तेवढा वेळ थांबणार कसा? म्हणून कुत्री-मांजरं चित्रकारांकडे गेली आणि माणसं रेजलँडरकडे. त्या फोटोंत सगळ्यांत गाजलं ते रडणारं बाळ. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की तो सरळ फोटो नाही. रेजलँडरने आधी बाळाचा फोटो घेतला, त्यावरून खडूने मोठं चित्र काढलं आणि मग त्या चित्राचा फोटो घेतला. सुरकुत्या त्याला हव्या तशा स्पष्ट दिसाव्यात म्हणून. कॅमेऱ्यालाही हाताची मदत लागली होती.

आता त्या मजकुरावरच्या शिंजिराकडे येते. तो गूल्ड दांपत्याच्या हिमालयातल्या पक्ष्यांच्या ग्रंथातला आहे. १८३१ मध्ये व्हिगॉर्स या पक्षिशास्त्रज्ञाने त्या पक्ष्याला एलिझाबेथ गूल्डचंच नाव दिलं. दहा वर्षांनी, आठव्या बाळंतपणानंतर, ती सदतिसाव्या वर्षी गेली. त्या ग्रंथाच्या चित्रपानांवर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: निसर्गावरून आणि दगडावर रेखाटलं ई. गूल्ड यांनी. फिरणाऱ्या चित्रात तळाची ती पट्टी कापलेली आहे. पुढे पाठवायचंच असेल, तर पट्टीसकट पाठवा.