'व्हिसा संपला तरी बंदूक चालते' म्हणे! कुठे चालते?

जळगाव-धुळ्याच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल! व्हिसा संपलेल्या विद्यार्थ्याने बंदूक बाळगली तरी निर्दोष. कायदा माहीत नव्हता म्हटलं की सुटका. स्टुडंट व्हिसावर बंदूक चालते, रेंजवरची तर मोजतच नाहीत. व्हिसा संपून राहणं हाही गुन्हा नाही. दहा जणांना पाठवा.' एरवी असलं मी न वाचता डिलीट करतो. पण अमळनेरच्या मावशीने तो टेक्सासात शिकणाऱ्या लेकाला पाठवला आणि वर मला फोन करून म्हणते, "आते काय चिंता नही रे भो." मग लिहिणं भागच पडलं.

निकाल आहे, हे खरं. 21 जून 2019 चा, रेहाइफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स. संयुक्त अरब अमिरातीतला एक तरुण फ्लोरिडात शिकायला गेला. मार्क पडेनात म्हणून विद्यापीठाने काढून टाकलं आणि कळवलं, दुसरीकडे प्रवेश घे किंवा देश सोड, नाहीतर तुझं इमिग्रेशन स्टेटस, म्हणजे तिथे राहायची कायदेशीर परवानगी, जाईल. त्याने दोन्ही केलं नाही. पुढे एका शूटिंग रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवल्या, एवढ्यावरून खटला झाला आणि 18 महिन्यांची शिक्षा लागली.

हो, रेंजवरच! ज्या निकालाचा दाखला देऊन 'रेंजवरची मोजत नाहीत' म्हणतात, तो खटलाच रेंजवरच्या बंदुकीचा.

'निर्दोष' तर कोर्टाने कुठेच म्हटलेलं नाही. आपण बेकायदा राहतोय हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायची गरज नाही, असं ज्युरीला सांगितलं गेलं होतं. ते चुकलं, असं सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं आणि प्रकरण खाली परत गेलं. त्या चुकीने निकालात काही फरक पडला का, हेही खालच्याच कोर्टाने बघायचं होतं.

'कायदा माहीत नव्हता' हे तर शुद्ध थोतांड. समजा, चोपड्याहून येताना कुणी परस्पर माझ्या पिशवीत गावठी कट्टा सरकवला. मला पत्ताच नसेल तर तो माझा ताबा नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 1972 साली गुणवंतलाल खटल्यात ताब्याला जाणीव लागते असं म्हटलंय. पण कट्टा आहे हे ठाऊक असून 'आर्म्स ॲक्ट कुठे वाचला होता साहेब' म्हटलं, तर फौजदार चहा पाजून सोडेल का? अमेरिकेतला वादही आपण बेकायदा राहतोय हे आरोपीला माहीत होतं का, याचाच होता. कायदा पाठ होता का, याचा नव्हे.

आता ज्याने पोरं गोत्यात येतील ते. स्टुडंट व्हिसा अगदी चालू असला तरी बंदूक बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या सगळ्यांनाच ती लागू होते. गोळ्यांनाही तीच बंदी. गंमत म्हणून खिशात घातलेलं एक जिवंत काडतूससुद्धा पुरतं. शिक्षा तेव्हा कमाल 10 वर्षं होती, 2022 च्या कायद्याने 15 झाली. शिवाय शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशातून हाकलायला वेगळं कारण लागत नाही. मित्र रेंजवर चल म्हणाले तर आधी वकिलाला विचारावं, इन्स्टावर फोटो टाकल्यावर नव्हे.

राहिला व्हिसा संपून राहण्याचा मुद्दा. नुसतं मुदतीपेक्षा जास्त राहणं तिथे फौजदारी गुन्हा धरत नाहीत, एवढं अर्धसत्य पदरात घाला. पण परत पाठवतात आणि पुढे काही वर्षं दार बंद होऊ शकतं.

आणि 2019 नंतर रेहाइफ निकालाचा आधार घेऊन जे अपिलात धावले, त्यांना त्याच कोर्टाच्या 2021 च्या ग्रीअर निकालाने लगाम घातला. खटल्यात 'माझी स्थिती मला माहीत नव्हती' हा मुद्दा काढलाच नसेल, तर तो काढला असता तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती, हे आता आरोपीनेच दाखवायचं. मेसेजमध्ये ग्रीअरचं नावही नाही. कसं असेल? ते घातलं तर दहा जणांना पाठवण्यासारखं उरतं काय!