विकतचं दुखणं, लायसन्ससकट

पैसे बँकेत पडून आहेत आणि रात्री झोपही शांत लागते? मग तुमचं कायतरी चुकतंय. ताबडतोब समुद्रकिनारी घर घ्या, तेही साधंसुधं नको, पर्यटकांना भाड्याने द्यायचं लायसन्स असलेलं. एजंट सांगेलच, "सगळं रेडी आहे, तुम्ही फक्त चावी घ्या." तो रंगात आलेला असताना उगाच प्रश्न विचारू नका. लायसन्स घराचं आहे की विकणाऱ्याच्या नावावर, विक्रीनंतर ते तुमच्याकडे येतं की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून अर्ज करून रांगेत उभे, असले प्रश्न संशयी माणसं विचारतात. बऱ्याच ठिकाणी ते मालकाच्याच नावावर असतं, पण हे सह्या झाल्यावर कळलेलं बरं, तेवढंच सरप्राइज.

हिशोब एकदम सोप्पा. सीझनमधल्या सगळ्यात महागड्या शनिवारचं भाडं घ्या आणि ३६५ ने गुणा, झालं. वर्षाचे सगळे दिवस शनिवारच असतात. बुकिंग साइटचं कमिशन, साफसफाई, लाँड्री, विमा, टॅक्स हे वजा करत बसलात तर रडू येईल, म्हणून बसू नका.

सी व्ह्यूचे जास्तीचे पैसे मोजलेत ना, त्यात खारी हवा फुकट मिळते. ती आधी बिजागऱ्या खाते, मग ग्रील, मग एसीचं बाहेरचं युनिट, आणि पोट भरलं नाही तर स्लॅबमधली सळई. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आत सळई फुगते आणि एक दिवस बाल्कनीच्या छताचा पोपडा थेट पाहुण्याच्या कपात. दाराचं हँडल दुकानदार "स्टेनलेस आहे साहेब" म्हणाला म्हणून डोळे मिटून ३०४ ग्रेडचं घ्या, समुद्राजवळ ३१६ लागतं हे त्यावरचे तपकिरी ठिपके नंतर सांगतीलच.

आणि पाहुणे म्हणजे देव. देवाचा फोन रात्री पावणेबाराला येतो, वायफायचा पासवर्ड काय म्हणून, आणि पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला असतो, देव फ्रिजला टेकूनच बोलत असतो. सकाळी तो जातो तेव्हा बाथरूमच्या जाळीत अर्धा बीच, आणि चार तासात पुढचे येणार, साफसफाईवाल्या ताई फोन उचलत नाहीत. मग रिव्ह्यू येतो, तीन स्टार, "घर छान पण समुद्राचा आवाज फार." उत्तर नम्रपणे द्या, लाटांना सांगतो म्हणावं.

एकदा लायसन्स मिळालं की ते जन्माचं, असंही मनाशी पक्कं धरा. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटची लायसन्सं नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार, कारण गावातल्याच लोकांना भाड्याने घर परवडेना. चोरून धंदा करणारे नव्हेत हो, लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावणारेच.

बाकी स्वतःचं घर आहे म्हटल्यावर हक्काची सुट्टी आलीच. फक्त सीझनमध्ये जाऊ नका, तेव्हा ते बुक असतं (नसेल तर जास्तच टेन्शन). ऑफ सीझनला जा, सोबत दोन बल्ब, गंज काढायचा स्प्रे, ड्रेन साफ करायची वायर आणि नव्या चादरी घ्या, आणि दार उघडलं की समुद्राकडे नंतर बघा, आधी भिंतीवरच्या त्या फ्रेममधली मुदत बघा.