मलिदा वगळून शुद्ध होणार कोण?

आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पुढच्या महिन्यात ठाण्याला माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न आहे आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: मेंदी आणि मलिदा (पोह्या-फळांचं ताट मांडून आशीर्वाद म्हणायचा आपला विधी) करायचा की नाही. तरुण मंडळींचं म्हणणं असं की मेंदी शेजाऱ्यांची, मलिदा दर्ग्यावरचा. खऱ्या ज्यू लग्नात हुप्पा (लग्नाचा मांडव), केतुबा (लग्नाचा करार) आणि सात आशीर्वाद, एवढंच हवं. वर एकाने ठोकून दिलं, "इस्रायलमध्ये असलं काही चालत नाही." अरे, इस्रायलमध्ये राहते मी. मला विचारा ना!

इथे अश्दोदला आमच्या मजल्यावरच्या मोरोक्कन ज्यू बाईंच्या नातीचा हेन्ना, म्हणजे मेंदीचा समारंभ, झाला. जरीचा काफ्तान, कमरेला सोन्याचा पट्टा, ढोल, मिठायांची तबकं, आणि आजीने स्वतःच्या हाताने नातीच्या तळव्यावर ठेवलेला मेंदीचा गोळा. येमेनी लोकांचा हेन्ना तर याहून थाटाचा. पेसाखचा सण संपला त्या रात्री मिमुनाच्या सणाला याच बाईंच्या दारात मुफलेटासाठी, म्हणजे पातळ पोळ्यांसाठी, रांग लागते, आणि मंत्रीसुद्धा असल्या घरी मध लावून खायला येतात. इथिओपियन ज्यूंच्या सिग्द सणाला २००८ साली कायद्याने राष्ट्रीय सणाचा दर्जा मिळाला. हे सण सोडा असं त्यांना कोणी सांगत नाही. मग लाज आपणच का बाळगायची?

आणि मलिद्यात धर्म नाही म्हणता, तर ताट नीट बघा तरी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर पाच फळं. खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद, केळ्यावर मात्र जमिनीच्या पिकाचा, कारण हलाखाच्या, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या, हिशोबाने केळ हे झाड नव्हे. सब्जाचा वास घ्यायचा तर त्याचाही वेगळा आशीर्वाद. सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, गाणं म्हणतात. लग्नात पेला फोडतो तो इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखासाठी. आणि एलियाहूला हाक मारतो ती सुटका होईल या आशेने. दुःख ठेवायचं आणि आशा तेवढी वगळायची, हा कुठला न्याय?

आपले पूर्वज जहाज फुटून कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा पोथ्या बुडाल्या, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. उरलं ते शमा ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती. तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. पुरीमच्या सणाला ते होळीचा सण म्हणत आणि किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दारफाळणीचा, पण उपास कडकडीत धरत. कोकणात शेकडो वर्षं रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नसताना ज्यांनी हे टिकवलं, त्यांना अशुद्ध म्हणायची आपली लायकी आहे का?

शुद्धतेची परीक्षा इथे आपल्याच लोकांनी दिलेली आहे. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने हुकूम काढला की बेने इस्रायल मुलामुलींची लग्नं लावण्याआधी आईकडच्या पिढ्या ज्यू आहेत का ते तपासा. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं बायकापोरांसह जेरुसलेमला ठाण मांडून बसली, तेव्हा सरकारला त्यांची बाजू घ्यावी लागली आणि हुकूम बदलावा लागला. त्या माणसांनी मलिदा सोडला नाही. मोशावात (सहकारी शेतीच्या खेड्यात), दिमोनात, रामल्यात, जिथे पाठवलं तिथे तो केला. आणि आता परीक्षा घेणारा कोणी उरला नसताना ठाण्याची पोरं आपणहून पेपर लिहायला बसली आहेत.

मी एवढी चिडते, कारण यात माझा स्वार्थ आहे. माझी मुलं सैन्यातून आली, हिब्रूत भांडतात, हिब्रूत स्वप्नं बघतात. मराठी त्यांना ऐकून समजते, वाचता येत नाही. इथे मी होदी, म्हणजे हिंदी, आणि तिकडे आले की परदेशातली मावशी. ज्या जागी मला कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही, अशी जागा म्हणजे मलिद्याच्या ताटाभोवतीची सतरंजी. मागच्या तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, धाकट्याने विचारलं, "आई, हे तिकडे अजून करतात, की तुम्हीच धरून बसलात?" मी छातीठोकपणे सांगितलं, करतात, ठाण्यात आपल्या घरी करतात. लग्नाला मी त्यालाही घेऊन येतेय. पोहे, खोबरं, फळं, सगळा खर्च माझा. हजानला, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्याला, वेळ तेवढी सांगून ठेवा.