चावी, ताबा आणि उधारीची वही

नमस्कार काका,

गुळाच्या अडत दुकानात तीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिलेल्या माणसानं बिटकॉइनवरचा माझा लेख एवढा बारकाईनं वाचला, याचा आनंद आहे. तुमचे आक्षेप दोन. ‘ज्याच्याकडे चावी तो मालक’ हे माझं वाक्य चूक, कारण मग चावीचा कागद पळवणारा चोरही मालक ठरतो. आणि पेमेंट चॅनल (प्रत्येक व्यवहार नेटवर्कवर न नोंदवता दोघांनी आपसात हिशेब ठेवायची सोय) म्हणजे आपली उधारीची वहीच, नाव तेवढं नवं.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. ‘मालकी’ऐवजी ‘ताबा’ म्हणायला हवं होतं; लेखात दुरुस्ती केली आहे. कब्जा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असली प्रकरणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. बिटकॉइनचं नेटवर्क फक्त सही तपासतं. खासगी चावी म्हणजे २५६ बिटांचा एक आकडा. त्यातून सही होते, जुळली की पैसे गेले. चोरानं केलेली सहीही जुळते. कोर्टात तुम्ही मालक ठराल, पण फेरफार रद्द करणारे प्रांतसाहेब त्या नेटवर्कमध्ये नाहीत.

हा ताबा किती नाजूक असतो, ते २०१९ च्या पुरात पाहिलं. कोल्हापूरच्या शाहूपुरीत मित्राच्या घरात पाणी शिरलं आणि चावीचे बारा शब्द (ज्यांवरून चावी पुन्हा तयार करता येते) लिहिलेली वही भिजली. शाईपेनानं लिहिलेलं, शेवटच्या शब्दाच्या जागी नुसता निळा डाग. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतलेच असतात, आणि शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असल्यानं तिथे १२८च शब्द बसू शकतात. रात्रभर एकेक लावून पाहिला, तेव्हा सापडला. निम्मे शब्द गेले असते तर आशाच नव्हती.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. उधारीत माल आधी जातो, पैसे मागून येतात. चॅनलमध्ये पैसे आधीच अडकवलेले असतात. समजा, मी एक लाख सतोशी (दहा कोटी सतोशींचा एक बिटकॉइन) आपल्या दोघांच्या सहीशिवाय न सुटणाऱ्या पत्त्यावर ठेवले. तेवढी नोंद साखळीवर, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक खतावणीत जाते. तुम्हाला दहा हजार दिले की नवी पट्टी, म्हणजे वाटणीचा सही केलेला, पण नेटवर्कवर न टाकलेला व्यवहार: नव्वद हजार माझे, दहा हजार तुमचे. जुनी पट्टी बाद करताना मी तिचं गुपित तुमच्या हाती देतो. उद्या लबाडीनं तीच जुनी पट्टी मी नेटवर्कवर टाकली, तर माझा वाटा ठरावीक मुदत अडकून राहतो आणि त्या गुपिताच्या जोरावर तुम्ही सगळी रक्कम उचलू शकता. मुदतीत तुमचं लक्ष नसेल तर मात्र फसाल. ही खरी उणीव आहे, म्हणून पाळत ठेवणारी सेवा लावतात.

उधारी आहे ती दुसरीकडेच. पुतण्याची नाणी एक्स्चेंजच्या (नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या) ॲपवर आहेत, असं तुम्ही लिहिलंत. त्याची चावी कंपनीकडे असेल, तर कंपनीच्या वहीत त्याचं फक्त येणं आहे. टोकियोचं माउंट गॉक्स हे असंच एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडालं. तिथल्या लोकांना बिटकॉइन परत मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये. ते बारा शब्द पुतण्यानं कधी लिहून घेतले होते का, एवढं त्याला विचारा आणि मला कळवा.