मामाचा छापखाना आळसानं बंद पडला नाही

परवा सकाळी आमच्या आजोळच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा येऊन पडला. ‘कोरोनाने व्यापाऱ्यांना शिकवलेले पाच धडे’. वर तीन दिवे, खाली जोडलेले हात. सार एवढंच, की महामारीत जे बदलले ते टिकले, जे बुडाले ते आळशी होते, सरकारनं ताटात वाढून दिलं तरी त्यांना खाता आलं नाही. पाठवणारा माझा मावसभाऊ. पुण्यात आयटीत आहे, लॉकडाऊनच्या एकाही महिन्यात त्याचा पगार एक दिवस उशिरा झाला नाही. आणि वाचणाऱ्यांत मामा, ज्याचा सांगलीतला लग्नपत्रिकांचा छापखाना २०२१ च्या दिवाळीआधी बंद झाला. मामानं त्या मेसेजवर अंगठा उमटवला. तो अंगठा बघितला आणि माझं डोकं फिरलं.

धडा पहिला: ‘चिनी भाषेत संकट आणि संधी यांना एकच शब्द आहे.’ नाही. शब्द आहे ‘वेइ-ची’. त्यातल्या ‘ची’चा इथला अर्थ संधी नव्हे, आणीबाणीची, नाजूक वेळ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले चिनीचे प्राध्यापक व्हिक्टर मेअर यांनी हे कधीच खोडून काढलंय. आणि असता तसा शब्द, तरी सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानदारानं त्याचं काय लोणचं घालायचं होतं?

धडा दुसरा: ‘जे ऑनलाइन गेले ते तरले.’

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला, त्या दिवशी गुढीपाडवा होता. पत्रिका छापणाऱ्याचं वर्ष म्हणजे जानेवारी ते मे. मामानं फेब्रुवारीतच गिरगावच्या खाडिलकर रोडवरून कार्डांचा माल भरला होता, निम्मा उधारीवर. अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती. तिच्या आसपासच्या लग्नांच्या पत्रिका छापून, मोजून, दोऱ्यानं बांधून काउंटरखाली ठेवलेल्या. ॲडव्हान्स आलेला, उरलेले पैसे गठ्ठा उचलताना मिळायचे. उचलायला कुणी आलंच नाही. तारीख छापलेलं कार्ड दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, नाव छापलेलं तर त्याहून नाही. पावसाळ्यात मामीनं ते गठ्ठे रद्दीवाल्याला किलोवर घातले. कोपऱ्याला हळदकुंकू लावून देवापुढं ठेवायची पहिली पत्रिका असते ना, ती तेवढी प्रत्येक गठ्ठ्यातून तिनं काढून ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

आता ऑनलाइनचं. त्या एप्रिलमध्ये ई-कॉमर्सवाल्यांना २० तारखेपासून सगळा माल पोचवायची मुभा देऊ असं सरकारनं आधी जाहीर केलं आणि १९ तारखेला ती काढून घेतली. फक्त अत्यावश्यक वस्तू. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आले तेव्हाही तेच: ऑनलाइन विका, पण अत्यावश्यकच. म्हणजे ज्या महिन्यांत मामानं ऑनलाइन जायला हवं होतं म्हणतात, त्या महिन्यांत त्याचा माल घरपोच द्यायलाच बंदी होती. बदलायचं कुठं, पोलिसाच्या काठीखाली?

आणि माल द्यायचा तरी कुणाला? २२ एप्रिल २०२१ पासून राज्यात लग्नाला २५ माणसं, एकच हॉल, दोन तासांत उरका, नियम मोडला तर ५० हजार दंड. मुलाकडचे बारा, मुलीकडचे बारा आणि भटजी. त्यांना पत्रिका छापून द्यायची?

मामाच्या दुकानाला लागून किराणा दुकान आहे. त्या माणसानं व्हॉट्सॲपवर याद्या घेतल्या, पोराला सायकलवर पिशव्या घेऊन पिटाळलं आणि बक्कळ धंदा केला. मेसेजमधला आदर्श व्यापारी म्हणजे हाच. त्यानं कष्ट केले, खोटं कशाला बोलू. पण तो अत्यावश्यक यादीत होता आणि मामा नव्हता. एक भिंत मध्ये.

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजानं. जिथं उघडायला परवानगी होती तिथं बदललेल्यांना फायदा झालाच. यूपीआयचे व्यवहार मार्च २०२० मध्ये महिन्याला सुमारे १२४ कोटी होते, वर्षभरात २७३ कोटींवर गेले. भाजीवालीकडंही क्यूआर कोड आला. मामाही काही हातावर हात धरून बसला नव्हता. दुकान उघडल्यावर त्यानं ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’चे स्टिकर छापले, मसालेवाल्या बायकांची लेबलं छापली. मामेबहिणीनं मोबाइलवर डिजिटल पत्रिका करून द्यायला सुरुवात केली, एकीचे तीनशे रुपये. पण स्टिकर प्रत्येक दुकानाला एकदाच लागतो, दीड महिन्यात तो धंदा आटला. आणि तीनशेची डिजिटल पत्रिका म्हणजे पाचशे कार्डांच्या ऑर्डरला आपल्याच हातानं नख लावणं. ऑनलाइन ही मामासाठी नवी बाजारपेठ नव्हती, ती त्याची गिऱ्हाइकं घेऊन जाणारी वाट होती.

धडा तिसरा, आणि माझा खरा राग यावर आहे: ‘सरकारने ३ लाख कोटी बिनतारण वाटले, सहा महिने हप्ते माफ केले. तरी रडतात ते रडतातच.’

वाटले? ते कर्ज होतं. मे २०२० मध्ये जाहीर झालेली ही आपत्कालीन कर्जहमी योजना. हमी सरकारी होती हे खरं, पण ती बँकेला होती. दुकानदारानं बुडवलं तर बँकेचं नुकसान भरून द्यायची. दुकानदाराला व्याजासकट फेडायचंच होतं, बँकेकडून घेतलं तर ९.२५ टक्क्यांपर्यंत, बिगरबँक वित्तसंस्थेकडून १४ टक्क्यांपर्यंत.

आता त्या योजनेचं एकच कलम वाचा, बाकी नाही वाचलंत तरी चालेल. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के जादा कर्ज. पुढं टक्का वाढला, क्षेत्रं वाढली, पण गाभा तोच राहिला: आधीच्या कर्जदाराला आणखी कर्ज. ज्याच्या नावावर त्या दिवशी बँकेचं कर्जच नव्हतं, त्याला शून्याचे २० टक्के. काढा हिशोब.

मामाच्या नावावर बँकेचं कर्ज नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्याचा कागद भिजला आणि मिनी ऑफसेट छपाई यंत्राची मोटर गेली. उभं राहायला त्यानं पैसे घेतले ते एका पतसंस्थेतून, कारण तिथं ओळख होती आणि आठ दिवसांत काम झालं. छोटे धंदे असेच चालतात. पतसंस्था, भिशी, मेहुणा, बायकोच्या पाटल्या. यातलं काहीही त्या योजनेच्या कागदावर बसत नाही. बँकेत गेला तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘आमच्याकडं लोन अकाउंट आहे का?’ संपलं.

हप्तेमाफीचं तर सपशेल खोटं आहे. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० चे हप्ते पुढं ढकलायची सवलत द्यायला बँकांना परवानगी दिली. माफी नव्हे, सवलत. व्याजाचं मीटर चालूच. समजा ५ लाख बाकी आहे, दर १२ टक्के. सहा महिन्यांचं सरळ व्याज झालं ३० हजार. व्याजावर व्याज धरलं तर ३०,७६०. पुढं सरकारनं २ कोटींपर्यंतच्या कर्जांना या दोहोंतला फरक परत केला. म्हणजे ७६० रुपये. ३० हजार तसेच उभे. सगळं व्याज माफ करा म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, तर २३ मार्च २०२१ ला न्यायालयानं सांगितलं, व्याजावरचं व्याज कुणाकडूनच घेऊ नका, पण पूर्ण व्याजमाफी मिळणार नाही. हे तेव्हा सगळ्या पेपरांत होतं. मावसभाऊ पेपर वाचतो.

पतसंस्थांवर तर रिझर्व्ह बँकेचा अंमलच नाही, त्या सहकार खात्याखाली. तेव्हा ती सवलतसुद्धा मामाच्या वाट्याला हक्कानं आली नाही. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं त्याच आठवड्यात वसुलीचा पोरगा पावतीपुस्तक घेऊन पायरीवर. त्याचंही काय चुकलं म्हणा, त्याचं कमिशन वसुलीवर.

हातगाडीवाल्यांसाठी १० हजारांचं स्वनिधी कर्ज आलं होतं, ते बऱ्याच जणांच्या कामी आलं. पण मामा फेरीवाला नव्हता. योजना होत्या, नाही असं नाही. दोन योजनांच्या मधल्या फटीत जो उभा होता त्याला आळशी म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

धडा चौथा: ‘खर्च कापा, माणसे कमी करा.’ राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीत (२०१५-१६) असे ६.३४ कोटी छोटे, नोंदणीकृत कंपनी नसलेले धंदे मोजले. त्यांतल्या सुमारे ८४ टक्क्यांत नियमित पगारी माणूस एकही नव्हता. घरचेच राबणारे. मामाकडं मामी बाइंडिंग करायची. काढायचं कुणाला, मामीला?

धडा पाचवा: ‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.’ होता. कृष्णेनं नेला.

संध्याकाळी मामाला फोन केला. म्हटलं, अंगठा कशाला दाखवलास त्या मेसेजला?

‘अगं, वाचला नाही बघ सगळा,’ तो म्हणाला. ‘निम्म्यावर आलं की रीड मोअर दाबावं लागतंय त्याला, चष्मा सापडंना. पोरानं सकाळी सकाळी पाठवलंय, काहीतरी टाकायला पाहिजे. का, खाली काही महत्त्वाचं होतं?’

म्हटलं, नाही.