वेळ बघायला उचललेला फोन

किती वाजले हे बघायला फोन उचलायचा आणि दहा मिनिटांनी ठेवताना किती वाजले हेच ठाऊक नसायचं, ही कला आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही. म्हणून एकाग्रतेच्या उपायांत मी पहिला मान मनगटी घड्याळाला देतो.

बाकीचे बरेच उपाय फोनच्याच पोटात असतात, आणि घोळ तिथेच आहे. ॲपला रोजची ३० मिनिटांची मर्यादा घाला. वेळ संपली की आयफोन पडदा टाकतो आणि अदबीनं विचारतो: आणखी एक मिनिट? पंधरा मिनिटांनी आठवण करू? की आजच्यापुरतं सोडून देऊ? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच! ही मर्यादा घालणाऱ्या 'स्क्रीन टाइम' या आयफोनमधल्या सोयीचा चार आकडी पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घालायला सांगा. माणूस दयाळू नको.

फोनचा पडदा कृष्णधवल करणं त्यातल्या त्यात बरं. नव्या सूचनेचा लाल ठिपका राखाडी झाला की त्याचा निम्मा रुबाब उतरतो. फक्त गाडी काढण्याआधी रंग परत आणा. नाहीतर नकाशावर मोकळा रस्ता आणि वाहतूककोंडी जुळ्या बहिणी वाटतात.

व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करताना आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय येतात. भिडस्त माणूस आठ तास निवडतो. अहो, 'कायम' निवडलेलं ग्रुपात कुणाला कळतसुद्धा नाही!

राहता राहिला पोमोदोरो. इटालियन भाषेत पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून ही पद्धत बसवली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. आपण तो टायमर फोनवर लावतो, म्हणजे दर २५ मिनिटांनी फोन हातात घ्यायची सोय स्वतःच करतो. मग सुट्टीत रील. पूर्वी पान संपायचं, 'पुढचं पान' दाबावं लागायचं, तेवढ्यात भानावर यायला फट मिळायची. २००६ साली एझा रॅस्किन यांनी न संपणारं स्क्रोल आणलं आणि ती फट बुजली. तेव्हा सुट्टीत पाणी प्या, खिडकीबाहेर बघा. टायमर चावीचा घ्या.

आणि फोन? दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला. उलटा करून टेबलावर नको. पालथा फोन सुलट्यापेक्षा जास्त खुणावतो. उठून जायचा कंटाळा हा आपला सर्वांत भरवशाचा पासकोड.

हो, मघाशी मनगटी घड्याळ म्हणालो ते काट्यांचं. फोनला जोडलेलं, दर दोन मिनिटांनी मनगटावर थरथरणारं नव्हे.